चाखल्याशिवाय वाढायचं नाही

४ मार्च

प्रिय ताईस,
भिंगरीचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. मी जिथे होते तिथे आता नाही. कपबश्यांच्या कारखान्यातल्या साहेबाला माझं गुणगुणणं खपेना. मग दहा दिवस एका फुलवालीकडे काढले. तिथे गुलाबांचे काटे काढता काढता मी गुलाबच काढून टाकते असं तिचं म्हणणं पडलं. आता एका सॉसच्या कारखान्यात मिरच्यांचे देठ खुडते. हस, हस. बाबांच्या घरातून पळालेली पोर फिरून फिरून मिरचीतच येऊन पडली!

हातात दोन-दोन मोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला फडकं. पहिल्या दिवशी मी मोजे काढले आणि आधी डोळाच चोळला. तासभर नळाखाली डोकं धरून बोंबलत होते. मुकादमीण म्हणाली की या टेबलाला प्रत्येकीला एक डोळा द्यावा लागतो, तुझा आज दिलास, आता दुसरा सांभाळ. टेबलावरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, एका डोळ्याने.

आता कामाचं. बाटल्यांवर लेबलं लावायच्या टेबलावर एक जागा रिकामी आहे. बसून काम, पाठीला ताण नाही. मी मुकादमिणीला तुझ्याबद्दल इतकं रंगवून सांगितलंय की तू आली नाहीस तर मी खोटी ठरेन. मे संपेपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाली. माझ्या खोलीत खिडकीजवळचा पलंगही रिकामा आहे. तू पस्तिशीला आलीस. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची भिंत सोडून काय पाहिलंस?

बाबांना विचार. विचारू नकोस, सांग. नाहीतर सांगूही नकोस, नीघ.

आहे तेवढी माया राहू दे, वाढवता आली तर वाढव.
तुझी,
भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरी हीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लेबलं लावायला मला आवडेल. सरळ लावीन.

नीघ म्हणणं सोपं आहे. मागच्या वेळी मी पिशवी भरली तेव्हा बाबांनी चार दिवस अन्नाला हात लावला नव्हता, आणि शेजारच्या शिंपिणीने जिन्यात सगळ्यांसमोर मला बापाला उपाशी मारणारी म्हटलं होतं. तू तेव्हा फुलवालीकडे होतीस की कुठे कोण जाणे.

या वेळी मात्र वेगळंच घडलं. दर रविवारी बाबांचे कँटीनमधले तिघे जुने सोबती पत्ते खेळायला येतात, तुला माहीत आहेत: भट्टीवाला, भांडीवाला आणि कोठीवाला. परवा आले तेव्हा कोठीवाल्या काकांनी तुझ्या पत्राचा विषय काढला. (तुझं पत्र बाबांनी आधीच फोडून त्यांना वाचून दाखवलं होतं, तुझ्या डोळ्याच्या भागाला सगळे पोट धरून हसले.) काका म्हणाले की वस्ताद, पोरीला सोडा आता. बाबा पानं पिसत म्हणाले की तीस वर्षं हेडकुक होतो, माझ्या ताटात कधी शीत राहिलेलं कुणी पाहिलंय का? ज्या दिवशी मी ताटात टाकीन त्या दिवशी थोरली मोकळी, तिची पिशवी मी स्वतः भरून देईन. मग माझ्याकडे वळून म्हणाले की घाल किती तिखट घालायचं ते, बघू बापाला उठवतेस का पानावरून. फक्त घरातला नियम तोच राहील.

नियम तू विसरली नसशील. चाखल्याशिवाय वाढायचं नाही. वाढणाऱ्याने आधी समोर उभं राहून एक पळीभर, काठोकाठ, गिळायचं, आणि बाबांचे तीन घास होईपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. तू आठ वर्षांची असताना खोकलीस म्हणून तुला दुसरी पळी मिळाली होती.

तर मला तुमच्या कारखान्यातलं तिखट पाठव. घरातल्या तिखटाने त्यांना कपाळावर घामसुद्धा येत नाही. पण आधी तिथल्या कुणा जाणत्याला विचार. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी मीठ-तिखट बेताने म्हणून सांगितलं होतं. मला त्यांना मारायचं नाहीये गं, ताट सोडायला लावायचंय. एवढ्या दोन गोष्टींच्या मधली जागा किती असते, ते विचार.

माझी पाठ तशीच. त्यांना उठवून बसवायचं म्हणजे दिवसातून सहा वेळा पोतं उचलायचं. दुखण्याच्या गोळ्या सकाळी दोन, रात्री दोन चालू आहेत, त्यावर दिवस ढकलते.

जेवत जा. लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
ताई

२९ मार्च

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

वाचता वाचता मी टेबलावर मूठ आपटली, त्यात मिरच्यांची पाटी सांडली, ते सोड. म्हणजे एक ताट अर्धवट राहिलं की तू सुटलीस! हे तर कुणीही करेल. सोबत दोन पुड्या आहेत, मोज्यात लपवून बाहेर काढल्या. आमच्याकडे तिखटाला नंबर असतात, एक ते सहा. हे तीन आणि चार. चार नंबर हाताळताना आमच्याकडे खिडक्या उघडतात.

कारखान्यात तपासणीची एक खोली आहे. तिथल्या बाई बाटलीतला प्रत्येक घाणा चाखून, मोजून पुढे सोडतात. त्यांना मी सगळं विचारलं. पहिली गोष्ट, तिखट ही चवच नव्हे म्हणे. ते दुखणं आहे. मिरची जिभेला फसवते की भाजलं, आणि जीभ बिचारी खरं मानते. भाजलेलं काहीच नसतं. पाण्याने ते जात नाही, उलट पसरतं, दुधाने उतरतं. तर चाखण्याआधी तू हळूच दूध पी. नियमात पाण्याचं नाव आहे, दुधाचं नाही!

दुसरं, मिरची काही विष नाही. ताज्या हिरव्या मिरचीत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं, पण मूठभर मिरच्या खातो कोण? नेहमी मिरची खाणारे लोक हृदयाच्या दुखण्याने थोडे कमी जातात असं काही पाहण्यांमध्ये दिसलंय, पण ते मिरचीमुळेच का, हे छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही. मी म्हटलं, म्हणजे आमचे बाबा शंभरी गाठणार. बाई म्हणाल्या की तुझ्या तोंडावर आनंद दिसत नाही. सांधेदुखीवर मिरचीच्या अर्काचं मलमसुद्धा मिळतं. तुझ्या पाठीसाठी एक ट्यूब घेऊन ठेवलीय, पुढच्या पुडीबरोबर पाठवते.

पोटात जखम मिरचीने होते असं नाही म्हणाल्या, पण आधीची असेल तर आग आग करते. फारच जहाल असेल तर उलट्या, छातीत कळा, दम्याच्या माणसाचा श्वास अडकणं, असलं सगळं होऊ शकतं. बाबांना दमा नाही. म्हणजे ठीक.

तुझ्याबद्दलही विचारलं त्यांनी. त्यावर एक गोष्ट बजावून सांगितली, ती सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून शेवटी लिहिते म्हणजे तुझ्या लक्षात राहील.

आमच्या खोलीच्या वर एक तुतारी वाजवणारा राहायला आलाय. शिकतोय अजून. रोज संध्याकाळी एकच ओळ वाजवतो आणि चौथ्या सुराला पडतो. आम्ही तिघी खाली श्वास धरून बसतो की आज तरी पार होईल. काल पार झाला! आम्ही इतक्या ओरडलो की तो घाबरून खाली आला, हातात तुतारी, पायात एकच चप्पल. मोठे कान आहेत त्याचे. म्हणाला, पुढच्या महिन्यात तो एका वाजंत्र्यांच्या ताफ्याबरोबर समुद्राकाठच्या गावांना जाणार आहे, तिकीट फाडायला माणूस हवंय. मी समुद्र कधी पाहिला नाही ताई. तूही नाहीस. तू आलीस की आधी तिथेच जाऊ, लेबलं काय पळून जात नाहीत. हे बघ, कागद संपला, कडेने उभं लिहितेय, मान वाकडी करून वाच.

लोभाला कड नसते, कागदाला असते.
तुझी,
भिंगरी

२२ एप्रिल

चि. भिंगरी हीस,
अनेक आशीर्वाद.

तीन नंबर आठवडाभर चालला. बाबांनी पावाच्या तुकड्याने ताट पुसून खाल्लं. चार नंबरही संपत आला. पहिल्या दिवशी मला वाटलं जिंकलेच. पळी गिळली आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं, कानात शिट्टी. मी ओट्याची कड धरून उभी, आणि बाबा शांतपणे पहिला घास, दुसरा घास. तिसऱ्याआधी मुद्दाम थांबले. चमचा हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले, हवापाण्याच्या गप्पा काढल्या. भांडीवाल्याच्या मुलीचं काय झालं, विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. मग म्हणाले की नाकाला झोंबलं वाटतं कुणाच्या तरी, आणि तिसरा घास घेतला.

दुधाची युक्ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखली. आता चाखण्याआधी जीभ दाखवावी लागते.

तुझं पत्र मी शेवटून पुन्हा पुन्हा वाचलं. त्या बाईंनी बजावलेली गोष्ट कुठे दिसली नाही. कडेला उभं लिहिलंय तिथेही नाही. तुतारीवाल्याचे कान सापडले. काय होती ती? फार महत्त्वाची नसावी, नाहीतर तू लिहिली असतीस. मलमही आलं नाही.

पोट जरा कुरकुरतं. पहाटे कळ येते, काही खाल्लं की निवते. शौचाला डांबरासारखं काळं होतंय. शिंपीण म्हणाली की एवढं तिखट जाळलंस तर राख नाही का पडणार. ती तशी मायेने बोलते हल्ली, कारण तिला पैज कळलीय. सगळा जिना आता ताट कधी राहतं यावर लक्ष ठेवून आहे.

आता सहा नंबर पाठव. मधले टप्पे नकोत. मे संपायला पाच-सहाच आठवडे उरले, ते म्हणता म्हणता निघून जातील. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

आहेस तशी धांदरट राहिलीस तरी चालेल, पण लोभ ठेव.
तुझी,
ताई

९ मे

चि. भिंगरीस,
बाबांचा आशीर्वाद.

तुझी सहा नंबरची पुडी मिळाली. माल चांगला आहे. रंग उत्तम, दाणा बारीक. माझ्या वेळी कँटीनला असा मिळाला असता तर चीज झालं असतं. आता हे उरलेलं आयुष्य पोरींच्या हातचं गिळण्यात जायचं.

थोरली दवाखान्यात आहे. बुधवारी दुपारी तिने पळी घेतली, नियमाप्रमाणे. मी दुसऱ्या घासावर होतो, तेवढ्यात ती ओट्यावर वाकली आणि रक्त ओकली. बरंच होतं. माझ्या ताटात पडलं नाही. लोक आरडाओरडा करत आले, उचलून घेऊन गेले. मी जेवण पूर्ण केलं. शिंपीण मला काय काय बोलली ते लिहीत नाही. पण पैज ही पैज असते, आणि ताट मी स्वच्छ केलं आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं. साक्ष आहे.

डॉक्टर म्हणतात पोटात जखम आहे, ती दुखण्याच्या गोळ्यांनी झाली, वर हे तिखट. वाचेल म्हणतात. तुमच्या आईचीही प्रकृती अशीच कागदाची होती.

पुढच्या सोमवारपर्यंत तू ये. शेजारणी काहीतरी पांचट आणून ठेवतात, ते मी हट्टाने संपवतो आहे, कारण थोरली परत आली की मी ताटात टाकलं असं म्हणायला तिला जागा नको. तू स्वयंपाक बरा करायचीस. तुला खोकला यायचा, तो आता गेला असेल. येताना सहा नंबर आणखी आण.

तुमच्या मनात माझ्याविषयी लोभ आहे की नाही हे मी विचारत नाही. वेळेवर जेवण असावं.
बाबा

१४ मे

माझी ताई,
नमस्कार लिहायलाही लाज वाटते.

हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते म्हणजे बाबा फोडणार नाहीत. तुतारीवाल्याला कागद धरायला लावलाय आणि बजावलंय की मी विषय सोडला तर चिमटा काढायचा.

तपासणीच्या बाईंनी जी गोष्ट सांगितली होती ती ही: बहीण रोज दुखण्याच्या गोळ्या घेत असेल तर तिने हे तिखट जिभेलाही लावू नये, त्या गोळ्यांनी पोटाचं अस्तर आधीच झिजलेलं असतं, आणि शौचाला काळं झालं तर ते आतलं रक्त असतं, तासभरही न थांबता डॉक्टर गाठायचा. एवढंच. दोन ओळी. मला त्या तोंडपाठ होत्या, अजून आहेत. शेवटी लिहायच्या म्हणून ठेवल्या आणि शेवट आलाच नाही, कागद आधी आला. मग तू काळं लिहिलंस तेव्हा मी पत्र अर्धं वाचून खिशात घातलं होतं, कारण त्या दिवशी ताफ्याची माणसं भेटायला येणार होती. सहा नंबर हवं एवढं वाचलं आणि पाठवलं. उरलेलं पत्र मी बाबांचं आल्यावर वाचलं.

मलमाची ट्यूब माझ्या उशीखाली आहे. चपटी झालीय.

मी निघाले होते ताई. खरंच. गाडीत बसले. दोन स्टेशनांनंतर उतरले आणि परत आले. मला बाबांचं पत्र वाचताना घशात खोकला आला, तसाच, आठ वर्षांची असतानाचा. वाटलं घरात पाऊल टाकलं की हातात पळी येणार. मी भित्री आहे. मुकादमिणीच्या पाया पडले, जागा जूनच्या अर्ध्यापर्यंत धरून ठेवते म्हणालीय. बरी झालीस की घरी जाऊच नकोस, सरळ इकडे ये. पैज गेली खड्ड्यात.

मार, शिव्या दे, पण लोभ काढून घेऊ नकोस.
तुझी,
भिंगरी

११ जून

चि. भिंगरी हीस,
ताईचे आशीर्वाद.

मी सुटले. कशी ते सांगते, कारण हे तुला बाबा सांगणार नाहीत.

दवाखान्यातून मी घरीच गेले. पैज खड्ड्यात गेली असती तर बाबा पुन्हा उपाशी बसले असते, आणि मी कुठेही असले तरी त्यांच्या रिकाम्या ताटाशीच राहिले असते. मला ती हरलेली पैज त्यांच्या हातात द्यायची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळून त्यांच्यापुढे ठेवला. वाफा निघत होत्या, कप मला धरवेना. ते बोलता बोलता एका दमात प्यायले. खालच्या ओठावर टरटरून फोड आला. त्यांना पत्ताच नाही. ओठ पुसायला गेले, फोड फुटला, आणि ते बोटाकडे पाहून विचारायला लागले की हे पाणी कसलं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. दुपारी रश्श्यात चिमूटभरही तिखट न घालता त्यांना सांगितलं की सहा नंबर आहे. चाटूनपुसून खाल्लं, आणि आज बरं जमलंय म्हणाले.

कळलं का? झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या तोंडाला काही जाणवतच नाही. चव नाही, तिखट नाही, गरम नाही. त्यांनी पैज लावली तेव्हा त्यांना हे ठाऊक होतं. त्या ताटात आगीची भीती फक्त पळी गिळणारीला होती. ते जेवत नव्हते, मला चाखताना पाहत होते.

मी रविवारची वाट पाहिली. तिघे आले, पत्ते झाले. मी बीट आणि टोमॅटो उकळून लालभडक रस्सा केला, वर दोन चमचे साखर. सगळ्यांसमोर सांगितलं की धाकटीने पाठवलेलं शेवटचं सहा नंबर आहे, याच्यापुढे कारखान्यातही काही नाही. नियमाप्रमाणे पळीभर प्यायले आणि मुद्दाम ओटा धरला. बाबा रंगात आले. एक घास घेऊन हाशहुश केलं, नाक पुसलं, कपाळ पुसलं, म्हणाले की हं, आज जरा आहे. मग भट्टीवाल्याला डिवचलं की जन्मभर आगीपाशी बसलास, घे, हिंमत असेल तर एक चमचा घे. मीच त्या तिघांना वाट्या भरून दिल्या.

भट्टीवाल्या काकांनी डोळे मिटून चमचा तोंडात घातला. मग डोळे उघडले. दुसरा चमचा घेतला. कोठीवाल्यांकडे पाहिलं. कोठीवाले म्हणाले की वस्ताद, हे तर दात न आलेल्या पोराला भरवायचं आहे. भांडीवाल्यांना आधी हसू आवरत होतं, मग नाही आवरलं. बाबा अजून कपाळच पुसत होते. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा रुमाल तसाच कपाळावर राहिला.

ते माझ्याकडे पाहायला लागले. काही बोलू नकोस, असं ते डोळ्यांनी मागत होते. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी तिघांना ओठावरचा फुटलेल्या फोडाचा डाग दाखवला आणि सगळं सांगितलं, अगदी सावकाश, मधे थांबून, भांडीवाल्याच्या मुलीची चौकशीसुद्धा केली. ते सांगायची गरज नव्हती. पैज त्याआधीच संपली होती, कारण चमचा ताटात पडला होता आणि ताट अर्धं भरलेलं होतं. तरी सांगितलं. मला बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

पिशवी त्यांनी भरून दिली नाही. मीच भरली. तिघे सोबती आळीपाळीने डबा आणणार आहेत. ते जेवतात म्हणे. उपास धरून कुणाला दाखवायचं, आता बघणारं कुणी नाही.

भिंगरी, मी तुझ्याकडे येत नाहीये. लेबलांची जागा सोडून दे, पलंगही दुसऱ्या कुणाला दे. मी एका दुसऱ्या गावी काम धरलंय, गावाचं नाव लिहीत नाही. तू रागावून विचारशील की मग बाबांत आणि तुझ्यात फरक काय. आहे, मोठा आहे. त्यांनी मला जळताना पाहिलं, आणि तू पाहिलंच नाहीस. पण पोटाला दोन्ही सारखंच लागलं. त्या बाईंच्या दोन ओळी तुला तोंडपाठ होत्या, आणि तुझ्या पत्रात तुतारीच्या चौथ्या सुराला त्यांच्याआधी जागा मिळाली. तुझा माझ्यावर जीव आहे हे मला माहीत आहे. त्या जिवावर विसंबून मला पुन्हा काही गिळायचं नाही.

समुद्र पाहून घे. ट्यूब टाकून दे, तिची मुदत संपली असेल.

लोभ असावा. लांबून असावा.
तुझी,
ताई